काहील, बंब आणि शिडाची नौका

कृष्णा-वारणेच्या काठी ज्यांचे बालपण गेले त्यांना काहिलीची ओळख करून देण्याचे कारण नाही. पण दिवाळी अंक दूरदूर जातो, म्हणून सांगतो. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस जिच्यात आटवतात ती लोखंडी पत्र्याची, पसरट बुडाची, अगडबंब कढई. थंडीच्या दिवसांत ती चुलवाणावर चढलेली असते, खाली चिपाडांचा जाळ, वर रसाची खळखळ आणि भोवती मळी काढणाऱ्यांची लगबग. पावसाळ्यात गुऱ्हाळ थंडावले की हीच काहील निवांत पडून राही. मग एखाद्या आषाढात नदी फुगे, नेहमीची नाव पैलतीराला अडकून पडे, आणि गावातले चार धाडसी लोक काहील ओढत काठावर आणून सरळ पाण्यात लोटून देत! बाळंतीण असो, आजारी माणूस असो, कासरा धरून मागे पोहत येणारी म्हैस असो, सातारा-सांगलीकडच्या कैक गावांची काहिलीने अशी सोय लावली आहे.

हिशेब करून पाहिला तर त्यात अचंबा वाटण्यासारखे काही नाही. काहिलीचा व्यास आठ फूट धरला तर ती पाण्यात एक एक इंच बुडताना सुमारे ११५ ते १२० किलो वजन पेलते. पाच माणसे बसली तरी ती तीनएक इंचच खाली जाईल. दोष एवढाच की ती गोल असल्यामुळे तिला नाळ नाही, पिछाडी नाही, आणि वल्हे मारले की पुढे जाण्याआधी ती स्वतःभोवती एक गिरकी घेते. म्हणून पट्टीचे पोहणारे तिच्या कडेला धरून तिला रेटत नेत.

ज्या भांड्यात रस उकळायचा तेच भांडे पाण्यावर तरंगते, ही दोन कामे आमच्याकडे ऋतुमानाप्रमाणे वाटून दिलेली होती. एकाच वेळी दोन्ही करण्याची पाळी कुणावर आली नाही. तरंगत्या काहिलीत कुणी चूल मांडली नाही. जगातल्या दर्यावर्दी लोकांपुढे मात्र नेमका हाच पेच शतकानुशतके उभा होता: चारी बाजूंनी पाणी, बूड लाकडाचे, वर शीड कापडाचे आणि दोर अंबाडीचे, अशा ठिकाणी पाणी गरम करायचे कसे? नरकचतुर्दशीच्या पहाटे कढत पाण्याचे दोन तांबे अंगावर पडले की हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही. या प्रश्नाचे शिडाच्या नौकेने जे उत्तर शोधले, ते आपल्या आजच्या न्हाणीघराशीही निगडित आहे. म्हणून हा प्रपंच.

साताऱ्याचा समुद्राशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहूंच्या पक्षास मिळाले. तेव्हापासून कोकण किनाऱ्यावरचा सर्वांत बलाढ्य दर्यावर्दी, ज्याला इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी वचकून असत, तो साताऱ्याच्या छत्रपतींचा सरखेल होता. अजिंक्यताऱ्यावरून कितीही डोळे ताणले तरी समुद्र दिसत नाही. पण समुद्रावरची सत्ता तेथे रुजू होत होती. आंग्ऱ्यांची गुराबे आणि गलबते किनारा धरून लढत. लढाई झाली की खाडीत शिरायचे, गोडे पाणी भरायचे, चूल पेटवायची. अंघोळीची हौस असेल तर जमिनीवर. निसर्गानेही त्या किनाऱ्यावर सोय करून ठेवली आहे. दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराजवळची तुरळ-राजवाडी, राजापूरजवळचे उन्हाळे असे गरम पाण्याचे झरे कोकणात ओळीने आहेत. चूल नको, सरपण नको.

खुल्या समुद्रात महिनोन् महिने राहणाऱ्या जहाजांना ही चैन कुठून? जुन्या लाकडी गलबतांवर चूल असे ती वाळू-माती भरलेल्या खोक्यात. जहाजाला सर्वांत मोठे भय वादळाचे नसून आगीचे असते. वादळात शीड उतरवता येते, आग लागली तर पळून जायला जागा नसते. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांवर लढाईची तयारी सुरू झाली की पहिल्या कामांपैकी एक म्हणजे भटारखान्यातला विस्तव विझवणे. पोटात दारूची कोठारे घेऊन फिरणाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. १७८० मध्ये अलेक्झांडर ब्रॉडी नावाच्या लंडनच्या लोहाराने जहाजावर वापरायच्या लोखंडी शेगडीचे पेटंट घेतले. चारी बाजूंनी बंदिस्त, धूर वर जायला धुराडे. त्याच्या थोडे आधी, १७७२ मध्ये, चार्ल्स आयर्विंग याला ब्रिटिश पार्लमेंटने पाच हजार पौंडांचे बक्षीस दिले होते, ते भटारखान्याच्या चुलीवरच समुद्राच्या पाण्याची वाफ धरून गोडे पाणी मिळवण्याच्या युक्तीबद्दल. यातली गोम लक्षात घ्यावी. स्वयंपाकासाठी जो जाळ जळतच आहे, त्याच जाळातून दुसरे काम फुकट करून घ्यायचे. ही बुद्धी काटकसरी गृहिणीची आहे, आणि या कथेत ती पुन्हा भेटणार आहे.

एवढे होऊनही खलाशाला कढत पाण्याची अंघोळ मिळाली नाही ती नाहीच. गोडे पाणी माणशी मापून मिळायचे, आणि ते पिण्यापुरते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून पाण्यावर उभे आहे. ते इतके दीर्घायुषी निघाले याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्यावरच्या खलाशांनी अंग कसे धुतले असेल याचा विचार आपण करत नाही.

आता थोडे देशावर येऊ. आमच्याकडे पाणी तापवायचे ते चुलीवर हंड्यात किंवा घंगाळ्यात. त्यात निम्म्याहून अधिक जाळ हंड्याच्या अंगाबाहेरून निघून जातो. मग आला बंब. 'बंब' हा शब्द मूळ पोर्तुगीज 'बॉम्बा' यावरून आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. बॉम्बा म्हणजे पाणी उपसायचा पंप, जहाजाच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणारा. मराठीत तो शब्द दोन घरी नांदतो. आग विझवायला धावतो तोही बंब आणि पोटात आग घेऊन बसतो तोही बंब! एका शब्दाने आगीशी वैर आणि सख्य दोन्ही सांभाळल्याचे असे उदाहरण दुसरे आठवत नाही.

पोर्तुगिजांच्या वस्तू घाट चढून आमच्या मुलखात आल्या, त्या काही शब्दांच्याच रूपाने नव्हे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणिसांच्या वाड्यामागे, एक अवजड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मेरीमातेची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ती. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा जशी कृष्णाकाठच्या देवळाची झाली, तसा जहाजाच्या तळातला शब्द आमच्या मागीलदारी येऊन तांब्याचा झाला.

त्या तांब्याच्या बंबाची रचना ज्याने प्रथम योजली त्या तांबटाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण त्याला दाद दिली पाहिजे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीत जाळ, नळीभोवती पाणी. जाळाला पाण्याच्या मिठीतून निसटायला वाटच नाही. जाता जाता तो आपली सगळी ऊब पाण्याला देऊन धुराच्या रूपाने वर निघून जातो. रशियातला सामोवार याच जातीचा. आगगाडीच्या इंजिनातही जाळ नळ्यांतून आणि पाणी भोवती, हाच विचार आहे. फक्त नळी एक नसून शेकडो. बंबाला इंधन म्हणून काहीही चाले. काटक्या, धसकटे, मक्याची बुरकुंडे, शेणी, उसाची चिपाडे. ज्याला दुसरीकडे कुणी विचारत नाही ते सगळे बंबाच्या पोटात जाई.

दुसरी खुबी त्याहून बारीक आहे. काही बंबांना तोटी नसे. त्यांना वर एक नरसाळे असे आणि बाजूला एक चोच. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते आतल्या नळीने तळाशी जाई, आणि तेवढेच तापलेले पाणी चोचीतून बाहेर पडे. एक तांब्या गार द्या, एक तांब्या कढत घ्या. गार पाणी जड म्हणून खाली राहते, गरम पाणी हलके म्हणून वर चढते, एवढ्याच गोष्टीवर हा व्यवहार चालतो. बंब कधी रिता होत नाही. आणि रिता होऊ द्यायचाही नसतो, कारण पाण्याशिवाय जाळ लागला की सांध्याचा डाख वितळतो आणि बंब गळू लागतो. 'रिकाम्या बंबाखाली जाळ घालू नये' हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

तिसरी गोष्ट बंबाची नव्हे, बंबाच्या जागेची. तो असे मागीलदारी, पडवीत, फार तर न्हाणीच्या भिंतीबाहेर. माणूस आत, विस्तव बाहेर. ही व्यवस्था कुणी शास्त्र म्हणून केली नव्हती. धुराने डोळे चुरचुरतात, भिंती काळ्या होतात, म्हणून केली. पण धूर ही मोठी उपकारक वस्तू आहे. तो माणसाला खोलीबाहेर हाकलतो. ज्या दिवशी विस्तव बिनधुराचा झाला त्या दिवसापासून खरा धोका सुरू झाला.

तो दिवस साधारण सांगता येतो. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने गॅसच्या ज्योतीवर चालता चालता पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला 'गीझर' हे नाव दिले. आइसलंडमधल्या उसळत्या झऱ्याचे ते नाव. त्याचाच आपला 'गिझर'. नळ फिरवला की कढत पाणी! पण या पहिल्या गिझरला धुराडेच नव्हते. जळलेला वायू सरळ न्हाणीघरात. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेत एडविन रूड याने टाकीचा, आपोआप चालू-बंद होणारा हीटर केला आणि हळूहळू धुराड्याचे महत्त्व लोकांना पटत गेले. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या घटकाला प्राणवायू चिकटायचा, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. अंघोळीला गेलेला माणूस जरा डोके जड झाले म्हणून बसतो आणि उठत नाही. कडी आतून लावलेली असते. आजही थंडीच्या दिवसांत अशा बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत येतात. गिझर न्हाणीच्या आत, खिडकी थंडीमुळे बंद, धुराडे नाही. म्हणजे १८६८ चे यंत्र १८६८ च्याच पद्धतीने. ज्यांच्या घरी गॅसचा गिझर असेल त्यांनी या दिवाळीत तो न्हाणीच्या भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत आहे की नाही एवढे उठून पाहावे. लेख नंतर वाचला तरी चालेल.

असो. साताऱ्याकडे गिझर येण्याआधी साहेबाची अंघोळ आली. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२९ च्या सुमारास, प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेऊन तेथे थंड हवेचे ठाणे वसवण्यात आले. १८४२ मध्ये अप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधला. पाणी भरपूर झाले, पण पहाटेच्या कडाक्यात साहेबाच्या टबात ते गरम होऊन पडायचे ते गड्यांच्या खांद्यावरून. डबे वाहायचे, टब भरायचा, टब उपसायचा. गरम पाण्याचा इतिहास लिहिताना यंत्रांची नावे सापडतात, डबे वाहणाऱ्यांची सापडत नाहीत.

त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाफेचे जहाज तयार झाले. 'ह्यू लिंडसे' हे ते जहाज. २० मार्च १८३० रोजी ते मुंबईहून सुएझकडे निघाले. पाच-सहा दिवसांच्या कोळशासाठी बांधलेल्या जहाजाला एडनपर्यंतचा कोळसा नेणे भाग होते, तेव्हा तो प्रवाशांच्या खोल्यांतूनही भरला. कढत पाण्याला तोटा नाही, पण प्रवाशाला पाय पसरायला जागा नाही, असा मासला. पुढे आगबोटी मोठ्या झाल्या, वाफ मुबलक झाली आणि गरम पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. शिडाच्या नौकेचा प्रश्न तसाच राहिला. तिच्यात बॉयलर मावत नाही आणि मावला तरी शिडाचे नावच कशाला घ्यायचे?

लहान नौकेत गॅसचा गिझर बसवून लोकांनी पाहिला. आपण घरात वापरतो तो सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून तरी जाईल. नौका म्हणजे काहीलच. तिला खाली फट नसते, असून चालत नाही. गळलेला गॅस पाण्यासारखा तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहत बसतो. जळताना होणारा विषारी वायू वेगळाच. केबिन म्हणजे खिडकी लावलेल्या न्हाणीहूनही लहान खोली, आणि तीत माणसे झोपतात. धोका इतका उघड असल्यामुळे नौकेवाल्यांना विचार करणे भाग पडले. घरात आपल्याला ते भाग पडले नाही.

उत्तर आले इंजिनाकडून. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन जर्मनीत यशस्वीपणे चालले. आमच्या सांगलीकडे यंत्रयुग आले ते १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर येऊन राहिले तेव्हा. निवडुंगाच्या त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. नांगर झाले, चरक झाले, पंप झाले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला, आणि कृष्णाकाठच्या विहिरींवर मोटेच्या कुरकुरीच्या जागी इंजिनाचा धडधडाट ऐकू येऊ लागला. ज्यांनी ती इंजिने पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, इंजिनाला थंड ठेवण्यासाठी त्याच्या अंगातून पाणी फिरवलेले असे आणि ते बाहेर पडताना चांगले कढत असे.

डिझेल इंजिनात जळलेल्या तेलाची साधारण एक तृतीयांश शक्ती दांड्याला मिळते. एक तृतीयांश धुरातून जाते आणि जवळजवळ तेवढीच थंड करणाऱ्या पाण्यात जाते. शिडाच्या नौकेवरही एक लहान डिझेल इंजिन असते. वारा पडला तर, बंदरात शिरताना, आणि बॅटऱ्या भरण्यासाठी. म्हणजे रोज तासभर तरी ते चालायचेच. मग आयर्विंगची जुनी युक्ती इथे का लावू नये? जो विस्तव जळतोच आहे त्याच्याकडूनच अंघोळीचे पाणी तापवून घ्यायचे. नवा विस्तव पेटवायचाच नाही.

त्यासाठी जी टाकी बसवतात तिला कॅलोरिफायर असे भारदस्त नाव आहे, पण ती आपल्या बंबाची सख्खी बहीण आहे. बंबात मधल्या नळीतून जाळ जातो. हिच्यात वेटोळे घातलेल्या नळीतून इंजिनाचे ऐंशी अंशांच्या आसपास तापलेले पाणी जाते. भोवती अंघोळीचे गोडे पाणी. दोन्ही पाणी कधी एकत्र येत नाहीत. इंजिनाच्या पाण्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असतात, तेव्हा त्यांच्यामध्ये धातूची भिंत अभंग हवी. गार पाणी तळाशी शिरते, गरम वरून निघते. नरसाळे आणि चोच!

हिशेबही घरगुती आहे. चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्टपर्यंत न्यायला दोन युनिटांच्या आतबाहेर वीज लागेल. नौकेवरच्या शंभर अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सारी मिळून सव्वा युनिट. म्हणजे बॅटरीवर पाणी तापवू म्हणणारा अंधारात बसेल आणि अंघोळही गारच करील. उलट वीस अश्वशक्तीचे इंजिन निम्म्या भाराने चालले तरी अर्ध्या-पाऊण तासात तेवढे पाणी कढत करून देते, आणि त्याबद्दल तेलाचा एक थेंब अधिक मागत नाही. जुन्या धाटणीची इंजिने मात्र सरळ खाऱ्या पाण्यावर थंड होत. खारे पाणी फार तापले तर आत क्षाराचे थर बसतात म्हणून ती पंचावन्न-साठ अंशांवरच ठेवीत. त्यांच्यावरची अंघोळ कोमट.

टाकी बसवताना मात्र घरातल्यासारखी भिंतीला टांगून चालत नाही. भरलेली टाकी म्हणजे पन्नासएक किलोंचा ऐवज. वारा भरला की नौका एका कुशीवर तीस अंश कलते आणि तशीच तासन् तास धावते. तेव्हा जागा शोधायची ती खाली, मध्यरेषेजवळ, इंजिनाच्या शेजारी, आणि टाकी पोलादी पट्ट्यांनी अशी जखडायची की नौका उलटली तरी ती जागची हलू नये. इंजिनातून टाकीकडे जाणाऱ्या नळीला मध्येच वर उंचवटा दिला तर तेथे हवा अडकते आणि पाणी फिरतच नाही. अर्धा दिवस झटापट केल्यावर कारण सापडते ते एवढेसे. नळ्यांना ऊबदार वेष्टण घालायचे. चांगले घातले तर सकाळी तापलेले पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहते.

खरी मेख पुढेच आहे. बंब वरून उघडा असतो, म्हणून तो कधी फुटला नाही. ही टाकी बंद असते. पाणी वीस अंशांवरून ऐंशीवर गेले की शेकडा पावणेतीन या प्रमाणात फुगते. चाळीस लिटरांमागे एक लिटरभर. पाणी दाबून लहान होत नाही, तेव्हा त्या लिटरभराला जागा दिली नाही तर ते ती स्वतः करून घेईल. आणि टाकीला विजेची कांडी असून तिचा तापनियंत्रक बिघडला तर गोष्ट वाफेवर जाते. एका लिटर पाण्याची सोळाशेहून अधिक लिटर वाफ होते. म्हणून टाकीवर सुटकेची झडप हवीच. फ्रान्सच्या डेनिस पापिनने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वाफेच्या भांड्यावर जी झडप बसवली, तिचीच ही नात, आणि आपल्या प्रेशर कुकरवरची शिट्टी व झडप हीही त्याच घराण्यातली. या झडपेचे तोंड कुणाच्या पायावर येणार नाही अशा जागी काढायचे. गार पाण्याच्या वाटेवर एक एकमार्गी झडप, नाहीतर फुगलेले गरम पाणी उलटे पिण्याच्या नळात शिरते. आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात गार पाणी मिसळून देणारी आणखी एक झडप, कारण ऐंशी अंशांचे पाणी डुलत्या नौकेत अंगावर पडले तर कातडी सोलते. घरात आई 'आधी बोट घालून बघ' म्हणून ओरडते. समुद्रावर तिचे काम ही पितळी झडप करते.

बंदरात नौका धक्क्याला लागली की किनाऱ्यावरून विजेची तार घेता येते, म्हणून टाकीत विजेची कांडीही ठेवतात. टाकी भरल्याशिवाय तिचे बटण दाबायचे नाही. रिकाम्या बंबाचा नियम इथेही लागू. या विजेचेही साताऱ्याशी नाते आहे. कोयनेचे नैसर्गिक पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. पण १९६२ पासून शिवसागरातले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले गेले. तेथे जनित्रे फिरवून ते वाशिष्ठीत पडते आणि चिपळूण-दाभोळमार्गे अरबी समुद्राला मिळते. साताऱ्याच्या डोंगरातले पाणी कोकणच्या खाडीत, आणि त्याची वीज मुंबईच्या धक्क्यांपर्यंत. कान्होजींनी ही सोयरीक पाहिली असती तर त्यांना गंमत वाटली असती.

एवढा खटाटोप एका अंघोळीसाठी का, असे म्हणणाऱ्याने जरा दक्षिणेकडे पाहावे. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने ती करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. त्याच कारखान्यात झालेल्या 'तारिणी'तून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगाला फेरी घातली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना आणि रूपा या दोघीच 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि मे २०२५ अखेर परत आल्या. या सर्वांच्या वाटेवर दक्षिण महासागर आणि केप हॉर्न होते. तेथे समुद्राचे पाणी पाच-सहा अंशांवर असते, लाटा डेकवरून वाहतात, आणि बोटे बधिर झाली की दोराची गाठ सुटत नाही. गाठ सुटली नाही तर शीड उतरत नाही, आणि शीड उतरले नाही तर डोलकाठी मोडते. तेव्हा तांब्याभर गरम पाण्यात बुडवलेले हात ही चैन नव्हे, ती नौकेची दुरुस्ती आहे.

आणि गोड्या पाण्याचा हिशेब तेथेही खलाशांच्या वेळचाच, थेंबाचा. आपण दिवाळीच्या पहाटे चाळीस लिटर सहज ओततो. नौकेवर चार-पाच लिटरांत अंघोळ उरकते. अंग ओले करायचे, तोटी बंद, साबण, मग पुन्हा तोटी. तोटी उघडली की गरम पाण्याआधी नळीत थांबलेले गार पाणी येते, पेलाभर, दोन पेले. घरी ते मोरीत जाते. नौकेवर नळाखाली आधी किटली धरतात, आणि नळी हाताला गरम लागली की मगच किटली बाजूला करून तिचा चहा टाकतात.